बाबांनी गिरणी घ्यायचं ठरवलं

बाबांनी गिरणी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या घरात एक माग, एक चरखा, एक सायकल आणि दोन खाटा होत्या. गिरणी म्हणजे पिठाची नव्हे, कापडाची. तीही अख्खी नव्हे, तिचे शेअर. पण बाबांच्या तोंडी शेअर हा शब्द बसत नसे, ते गिरणीच म्हणत. "पुष्पे, आपून गिरणी घेऊन राहिलो," असं त्यांनी एका सकाळी मागावरून न उठता सांगितलं, ज्या सुरात ते कोथिंबीर आण म्हणत त्याच सुरात. आई चरख्यावर कांड्या भरत होती. तिनं चरखा थांबवला नाही. आमच्याकडे मोठ्यात मोठी बातमी ऐकायची पद्धत तीच होती, हात चालू ठेवून.

आमचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून दहा मिनिटांवर. समोरच्या खोलीत खड्ड्याचा माग, मागच्या खोलीत चूल आणि आम्ही. खड्ड्याचा माग म्हणजे विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. त्यामुळे घरात येणाऱ्या माणसाला बाबा कमरेपासून वर दिसत. कित्येक पाहुण्यांनी त्यांना उभं असं पाहिलंच नव्हतं. माग चालू असला की बोलायचं ते दोन ठोक्यांच्या मधे. खट झालं की अर्धं वाक्य, पुन्हा खट झालं की उरलेलं. लग्न होऊन सासरी गेल्यावर मी कितीतरी महिने तशीच तुकड्यातुकड्यांनी बोलत होते आणि सासूबाईंना वाटायचं, मुलीला दमा आहे. चुलीवर सकाळी आधी सुताची खळ शिजायची, मग स्वयंपाक. खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची पेज, सुताला ताठ करायला लावतात ती. एकदा मी घाईत गोळाभातावर कढी म्हणून खळच वाढून घेतली आणि निम्मी खाल्लीसुद्धा. आई म्हणाली, "मीठ कमी वाटलं नाही का तुले?"

बाबा नऊवारी लुगडी विणत. विणकरांच्या सोसायटीतून सूत आणायचं, लुगडं विणून सोसायटीत द्यायचं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी रीळ. एक संपली की बाबा न बघता मागे हात करत आणि आई त्या हातात दुसरी ठेवत असे. हे मी जन्मल्यापासून पाहत आले होते आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण नऊवारी नेसणाऱ्या बायका एकेक करून जात होत्या, त्यांच्या सुना गिरणीची पातळं नेसत होत्या. सोसायटी सूत कमी कमी देऊ लागली. गल्लीतले बरेच माग बंद पडले, माणसं सायकली काढून हिंगण्याच्या कारखान्यांत जाऊ लागली. बाबांचं म्हणणं साधं होतं. "तीस वर्सं गिरणीनं आपल्या पोटावर पाय देल्ला. आता गिरणी काम करन आन् आपून बसून खाऊ." तीस वर्षं ते बसूनच होते, हे मी बोलले नाही.

पैसा कुठून येणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. उमरेडचा एक विणकर आमचा माग घ्यायला तयार होता. मुंबईकडची एक गिरणी नवे शेअर काढणार होती, त्याची बातमी बाबांनी पानठेल्यावर ऐकली होती. माग जाणार, गिरणी येणार, असा सौदा. गिरणी चांगली की वाईट ते मी सांगायचं, कारण घरात कॉमर्स शिकलेली मीच. मी हो म्हटलं की समोरच्या खोलीतला खड्डा बुजणार होता. मला डेबिट-क्रेडिट येत होतं, शेअर कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पण बापानं पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मला माहीत नाही असं म्हणायची हिंमत झाली नाही, खरं सांगायचं तर इच्छाही झाली नाही. मी म्हटलं, "बघून सांगते."

बघायचं कुठे? महालातल्या एका वाचनालयात मुंबईचा इंग्रजी अर्थविषयक पेपर एक दिवस शिळा यायचा. त्याची एकच प्रत होती, आणि शेअरभावांचं पान रोज मोहरीरकाका नावाच्या एका गृहस्थांच्या हातात असायचं. रेल्वेतून रिटायर झालेले, पांढरी टोपी, खिशाला दोन पेन्सिली. ते पान दोन तास सोडत नसत. मी तीन दिवस समोर बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी पान थोडं खाली करून विचारलं, "काय गं, तुला शब्दकोडं हवं आहे का? ते मागच्या पानावर असतं."

"नाही काका, भाव पाहायचे आहेत. गिरण्यांचे."

"कोणाला?"

"बाबांना गिरणी घ्यायची आहे."

ते हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार. त्यांनी खुर्ची सरकवून जागा केली आणि पेन्सिलीनं एकेक रकाना दाखवला: काल काय भावानं बंद झाला, वर्षातला उंच भाव कोणता, नीच कोणता, गेल्या साली डिव्हिडंड किती दिला. मग रोज कॉलेज सुटलं की मी त्यांच्याशेजारी बसून वहीत भाव उतरवू लागले. पंधरा दिवसांत मला अकरा गिरण्यांचे भाव तोंडपाठ झाले. काकांकडेही एक वही होती. तिच्यात ते गेली कित्येक वर्षं शेअर घेत आणि विकत आले होते. आधी ते मला फार मोठे असामी वाटले. नंतर कळलं की त्यांनी खराखुरा शेअर एकही घेतला नव्हता, सगळा व्यवहार वहीतच होता. "कागदावर मी आजवर तोटा खाल्लेला नाही," ते म्हणाले. त्यात त्यांना गंमत वाटत नव्हती आणि तेव्हा मलाही वाटली नाही.

आता माझा नातू खाटेवर लोळत मोबाइलवर हे सगळं अर्ध्या मिनिटात करतो. कंपनीचं नाव टाकलं की हिरव्या-तांबड्या रेघा, पाच वर्षांचा नफा, कोण घेतंय, कोण विकतंय, शहाण्या माणसांचं मत काय, सगळं हजर. परवा म्हणाला, "आजी, मी पूर्ण रिसर्च केला." मी विचारलं, "माल हातात घेऊन पाहिलास का?" तो म्हणाला, "आजी, सॉफ्टवेअरची कंपनी आहे ती." पण माझा प्रश्न चुकीचा होता असं मला अजून वाटत नाही.

काकांच्या सांगण्यावरून मी त्या गिरणीला इंग्रजीतून एक पोस्टकार्ड लिहिलं, की आपला वार्षिक अहवाल पाठवावा. गिरणीचं नाव मी इथे लिहीत नाही, मालकांचे वारस अजून आहेत आणि मला या वयात नोटिसा नकोत. आठ-दहा दिवसांनी खरंच जाडजूड पाकीट आलं. आमच्या घरी इतका गुळगुळीत कागद पूर्वी कधी आला नव्हता. ते वाचायला बसलो त्या दिवशी रविवार होता, भिवापुरी मिरचीचा रस्सा उकळत होता, सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि त्या धुरात मी बाबांना अहवाल वाचून दाखवत होते. नफा वाढला आहे, नवे माग बसवणार आहेत, अध्यक्षांना भविष्य उज्ज्वल दिसतं. बाबांचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. ते फोटो पाहत होते. मागांच्या रांगाच रांगा, फरशी चकचकीत. बराच वेळ पाहून म्हणाले, "यात खड्डा कुठं आहे?"

"तिथं उभं राहून चालवतात, बाबा."

"हं," ते म्हणाले आणि अध्यक्षांच्या कोटाचं कापड निरखू लागले.

मी माझं मत दिलं: भाव सहा महिन्यांत चढला आहे, डिव्हिडंड दरवर्षी देतात, मोहरीरकाकाही चांगली म्हणतात. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सगळं ठीक, पण गिरणीचं कापड पाहिल्याशिवाय ती चांगली कशी म्हणायची? मला ते इतकं पटलं की आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही याची लाज वाटली. आम्ही दोघं सायकलवर इतवारीत गेलो. मी मागे बसले होते. एका दुकानात त्या गिरणीचं लाँगक्लॉथ मागितलं. दुकानदारानं ठाण उलगडलं. बाबांनी खिशातून भिंग काढलं, विणकर धागे मोजायला वापरतात ते, आणि काउंटरवर वाकून इंचात किती धागे बसतात ते मोजू लागले. दुकानदार म्हणाला, "बाबाजी, कपडा खरीदना है या शादी जमाना है?" बाबांनी मोजणं अर्धवट राहिलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग दोन मीटर घेतलं.

घरी येऊन त्याची रीतसर परीक्षा झाली. आधी दोन्ही हातांनी चोळून खळ झडते का पाहिलं. पातळ कापडाला खळ चोपडून जाड दाखवायची खोड काही गिरण्यांना असते, बाबांना ती माहीत होती. मग कापड गरम पाण्यात उकळलं, वाळवलं, पुन्हा भिंगाखाली धरलं. एक धागा ओढून जाळला, राखेचा वास घेतला. उभे धागे, आडवे धागे, गाठी, काठ. दोन दिवस हे चाललं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा असं काही बोलले की मी चकित झाले, कारण गिरणीबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "कापड इमानदार आहे," ते म्हणाले. "धागा चोरला नाही. असं कापड तर मीबी नाही विनत." त्यांच्या पोटावर पाय देणारा निदान चांगला विणकर निघाला, याचं त्यांना समाधान झालं असावं. उमरेडवाल्याला निरोप गेला. तो दुसऱ्याच दिवशी येऊन मागाचा बयाना, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन गेला आणि रविवारी माग सोडवून न्यायचं ठरलं. फॉर्म आणि या बयान्यातून पहिला हप्ता बँकेत द्यायची मुदत शनिवारपर्यंत होती.

आईनं या सगळ्यात एक अक्षर काढलं नव्हतं. बयाना आला त्या दिवशी तिनं ते वाळलेलं कापड घडी करून उचललं आणि किराणा दुकानात जाऊन काट्यावर वजन करून आली. आली ती थेट बाबांसमोर बसली. हात मोकळे ठेवून, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे मला कळलं.

"केवढ्याले घेतलं हे?"

बाबांनी सांगितलं.

"एवढ्या पैशात तर याच्या वजनाचं सूतच येते," आई म्हणाली. "सूत घेतलं, पैसे सरले. मंग विनते कोन? खळ कोन लावते? दुकानदार काय खाते?"

"त्यायचं सूत सोताचं असते. आन् मशीन आहे, कमी पैशात होते."

"मशीनले बिजली लागते. कांडीवालीले पगार लागते."

"लागन नं."

"तुमाले कांडीवालीचं काय लागलं?"

आई भांडणाच्या सुरात बोलत नव्हती, हेच मला जास्त जड गेलं. ती भाजीचा हिशोब सांगावा तसं सांगत होती. "चोवीस वर्सं मी कांड्या भरल्या. एक पैसा नाही घेतला. म्हनून तुमचं लुगडं सोसायटीले परवडलं. माझं फुकटचं धरूनबी आपल्याले पुरलं नाही. मंग जो पगार देऊन इतकं चांगलं कापड इतक्या स्वस्त विकते, त्याले कसं पुरन?"

मी अहवाल उघडला. नफा छापलेला होता, तो मी बोट ठेवून दाखवला. आई म्हणाली, "असन बाप्पा. मले इंग्रजी येत नाही." आणि उठून भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी हे मी मोहरीरकाकांना सांगितलं. त्यांनी अहवाल पुढून मागे आणि मागून पुढे चाळला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "मुद्दा आहे, पण हा कुठल्या रकान्यात टाकायचा?" पुढचं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. त्या गिरणीचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला. काका भेटले की न विचारता मला तो सांगत. त्यानंतर काही वर्षांनी गिरणी बंद पडली, कामगार देशोधडीला लागले. तेव्हा आई बरोबर होती की चूक, हे वर्ष कुठलं धरता त्यावर आहे. माझा नातू म्हणतो, मधे विकून टाकायचे होते. तो आमच्या घरी तेव्हा असता तर त्यानं बाबांना हे समजावून सांगितलं असतं का, मला शंका आहे.

आईच्या त्या हिशोबानंतर दोन दिवस माग बंद होता. मला ठोक्यांशिवाय झोपेतून जागं व्हायची सवय नव्हती, दोन्ही दिवस कॉलेजला उशीर झाला. बाबा खड्ड्याच्या काठावर, पाय वर घेऊन बसत. अख्खे दिसत होते आणि म्हातारे दिसत होते. मला त्यांची फार दया आली आणि माझा मलाच रागही आला, की मी नीट बघून सांगते म्हटलं होतं आणि छापलेलं तेवढंच बघितलं होतं. आई जेवायला वाढत होती, ते जेवत होते, बोलणं नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी मला फॉर्म भरायला बसवलं. सीताबर्डीवरच्या एजंटाकडून असे फॉर्म फुकट मिळत, मी चार आणून ठेवले होते. पहिल्याच रकान्यात अर्जदाराचं नाव. मी बाबांचं नाव लिहायला पेन टेकवलं.

"मायचं लिही," ते म्हणाले.

"आईचं?"

"हाव. तिच्या नावानं घेऊ. कांड्यांची मजुरी समज."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मी आईचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, एकेका चौकोनात एकेक. पत्ता लिहिला. व्यवसाय या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. बाबांना विचारलं, त्यांनाही कळेना, तेव्हा मी गृहिणी लिहिलं. खाली सही हवी होती. आईला सही येत होती, रेशनच्या दुकानासाठी ती शिकली होती. ती पदराला हात पुसत आली आणि फॉर्मकडे बघत उभी राहिली.

"म्हंजे गिरणी माझी?"

"हाव," बाबा म्हणाले.

"आन् हे बयान्याचे पैसे?"

"तुहेच नं. मजुरीच देऊन राहिलो तुले."

"खरंच माझे?"

"पुष्पीसमोर सांगून राहिलो."

आई खाली बसली. मला वाटलं, सही करते. तिनं पेन उचललं, टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं. "मंग मले गिरणी नको," ती म्हणाली. "माझे पैसे आहेत, मी वापस करते. उमरेडवाल्याले सांगा, बाईनं नाही म्हटलं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग फॉर्मकडे. "फॉर्म खराब झाला नं," ते म्हणाले.

"फुकट भेटते तो."

रविवारी उमरेडवाला बैलगाडी घेऊन आला. आईनं त्याला बसवलं, पोहे दिले, वर तर्री दिली, चहा दिला आणि मग बयाना त्याच्या हातात ठेवला. तो बिचारा बाबांकडे बघू लागला. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते. "माग तिचा आहे गा," ते म्हणाले. "मी विनतो फक्त." रिकामी गाडी परत गेली. त्या दोन मीटरचा मला परकर शिवला. तो आठ वर्षं टिकला.

सोमवारी सकाळी बाबांनी तुटलेले धागे जोडले, मागाची फणी साफ केली आणि माग चालू करायला बसले. आईनं चरख्याजवळ आपली जागा घेतली, भरलेल्या कांड्यांची टोपली पुढे ओढली आणि म्हणाली, "आजपासून कांडीले काय भाव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुष्पे, काय भाव चालू आहे?"

मुंबईच्या अकरा गिरण्यांचे शुक्रवारचे बंद भाव मला त्या क्षणी विचारले असते तर मी धडाधड सांगितले असते. हा मला माहीत नव्हता. मी म्हटलं, विचारून येते. आमच्या गल्लीत तेव्हा चालू असलेल्या मागांच्या सगळ्या घरी मी गेले. एका घरी बाई हसत सुटली. दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, भाव कसला, घरचीच आहे. तिसऱ्या घरी तिघी जणी, सासू आणि दोन सुना, चरख्यावर होत्या. त्यांना माझा प्रश्नच नीट समजला नाही. मी पुन्हा विचारला. धाकटी सून म्हणाली, "काहून वं, कोनी देऊन राहिलं का?" तिथून परत येताना मला रडू आलं. मी बी.कॉम. करत होते, तीन महिने वही भरली होती, आणि माझी आई माझ्या जन्माआधीपासून काय करते आहे हे मला कोणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

घरी येऊन मी म्हटलं, "कुठंच भाव नाही, बाबा."

"मंग मी सांगते," आई म्हणाली आणि तिनं सांगितला. बाबांनी थोडा विचार केला, मान हलवली. माग सुरू झाला. खट, खट. थोड्या वेळानं धोट्यातलं सूत संपलं आणि बाबांनी सवयीनं, न बघता, मागे हात केला. आईनं त्या हातात कांडी ठेवली नाही. तिनं आपला रिकामा तळहात पुढे केला आणि ते वळून बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.